यंत्रांची पंगत

मशीन चालू करणं हे मानाचं काम. नारळ फोडायला, हार घालायला, फोटोत मान वर करून उभं राहायला झाडून सगळी मंडळी हजर असतात. बंद करायच्या वेळी मात्र मी आणि धुळा असे दोघेच उरायचो. दोघंही दिवसभराचे शिणलेले, आणि त्यातून मला पलूसची शेवटची एस.टी. गाठायची असायची.

अठ्ठ्याहत्तर सालचा उन्हाळा होता. सांगलीत आमच्या संस्थेच्या वरच्या मजल्यावर हैदराबादेहून आणलेला एक कॉम्प्युटर बसवलेला होता. कारखान्यांच्या उसाची वजनं, कॉलेजांचे निकाल, असली सगळी धुणी आमच्याकडं यायची. खोलीत गारवा ठेवणारं यंत्र होतं, ते अर्थात मशीनसाठी. आम्ही आपले त्याच्या उष्ट्या गारव्यावर दिवस काढायचो. मी तिथं प्रोग्रॅमर होतो. गावात कुणी विचारलंच तर ‘हिशेबाच्या मशीनवर असतो’ एवढंच सांगायचो, कारण त्यापुढं सांगायला गेलं की समोरचा म्हणायचा, “म्हंजे टायपिंग व्हय?” आणि मीही दमून ‘व्हय’ म्हणून टाकायचो.

धुळा आमचा ऑपरेटर. मूळचा वडूजकडचा, पलटणीत बिनतारी संदेशाच्या कामावर पंधरा-सोळा वर्षं काढून आलेला. टेपा चढवणं, कार्डं लावणं, कागद घालणं हे त्याचं काम. त्याला घाई कधीच नसायची, कारण त्याची खोली संस्थेच्या मागच्याच गल्लीत होती आणि खोलीत वाट बघणारं कुणी नव्हतं.

माझ्याकडं वाट बघणारे होते. आबा, म्हणजे माझे वडील नाथाजी, पलटणीतून नाईक होऊन परतलेले. त्यांनी घरात एक शिस्त घातली होती. रात्रीच्या जेवणाला घरातले सगळे पुरुष पाटावर बसले पाहिजेत. आबा एकेकाचं नाव घेणार, गिनती पुरी झाली की मग घास. मी कॉलेजात होतो तेव्हापासून हे चालत आलेलं, आणि कधी कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. पण आदल्या दिवाळीत आबांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली, एका कानानं ऐकू येईना, मोतीबिंदू आधीचाच होता. कंदिलाच्या उजेडात त्यांना माणसाचा नुसता आकार दिसायचा. गिनती मात्र सुटली नाही.

त्यात त्यांना साखरेचा आजार. संध्याकाळी गोळी घेतली की तासाभरात पोटात अन्न जायला हवं, नाहीतर साखर एकदम खाली जायची. माझी बायको पारू ताट घेऊन बसायची.

“आबा, दोन घास घ्या की वो.”

“किस्ना आला?” आबा माझं नाव घ्यायचे.

“येत्यात. तुमी सुरुवात तर करा.”

“न्हाई. गिनती पुरी हू दे.”

आणि दात घट्ट मिटून बसायचे. थोरला भाऊ अर्जुना रागावून बघायचा, हाता-पाया पडून बघायचा. आबा भिंतीकडं तोंड करायचे. असे ते दोनदा बसल्या जागी घामानं भिजून बेशुद्ध पडले. दुसऱ्या वेळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “दोनदा वाचलेत. तिसऱ्यांदा मला बोलवायचीसुद्धा वेळ येणार नाही.”

म्हणजे सरळ हिशेब असा की शेवटची गाडी मिळाली तर आबा जेवणार, आणि चुकली तर मी उसाच्या ट्रकला हात करत घरी पोचेपर्यंत आबा उपाशी बसणार. आणि गाडी मिळणं किंवा चुकणं हे माझ्या हातात नव्हतं. ते मशीन बंद व्हायला किती वेळ लागतो त्याच्यावर होतं.

आता मशीन बंद करणं म्हणजे बटण दाबलं आणि झालं असं नसतं. मशीनचा गोतावळा मोठा. छापणारा प्रिंटर, कार्डं वाचणारा रीडर, टेपांची दोन कपाटं, आणि सगळ्यांत नाजूक ती डिस्क. जात्याच्या पाळूएवढ्या थाळ्या गरगर फिरतात आणि माहिती वाचणारी डोकी त्यांच्यावर केसाएवढ्या अंतरावर तरंगतात. नीट न थांबवता वीज गेली की डोकी थाळीवर आपटतात आणि थाळीवरचं सगळं जातं. त्या वर्षी रोज संध्याकाळी वीजकपात असायची, म्हणून त्याआधी सगळी यंत्रं शिस्तीत थांबवावी लागायची. हे काम मशीनच्या पोटात कायम बसलेला एक मूळ प्रोग्रॅम करायचा. त्याला आम्ही मॉनिटर म्हणायचो. कोणतं यंत्र कसं चालवायचं आणि कसं थांबवायचं, हे सगळं त्याच्या ताब्यात. त्यातला थांबवायचा भाग मीच लिहिलेला होता.

एकदा कपात वेळेआधी झाली आणि डिस्कची थाळी ओरबाडली गेली. तेव्हापासून केंद्रप्रमुख आप्पासो साहेबांनी नियमच करून टाकला, की शेवटचा पंखा थांबेपर्यंत प्रोग्रॅमरनं खोली सोडायची नाही. मी त्यांना आबांचं सांगून बघितलं.

“नाथाजीमामांना माझा नमस्कार सांगा,” ते म्हणाले. “देवमाणूस. पण कृष्णात, नियम तो नियम.”

नमस्कारानं साखर वर येत असती तर मी रोज नेला असता.

मग रोज संध्याकाळी तोच खेळ. मी कन्सोलवर, म्हणजे मशीनला जोडलेल्या टाइपरायटरवर, बंद करायचा हुकूम टाइप करायचो आणि खुर्चीत बसून राहायचो. आधी प्रिंटर उरलेलं छापणार. ते झालं की रीडर. मग पहिली टेप सावकाश गुंडाळली जाणार, ती पुरी झाली की दुसरी टेप आपली गुंडाळायला घेणार. शेवटी डिस्क. दोन यंत्रांच्या मध्ये मी खबरदारी म्हणून थोडा रिकामा वेळही ठेवला होता. अर्धा तास सहज जायचा. मला त्या टेपेचा इतका राग यायचा की वाटायचं, उठावं आणि हातानं ओढून काढावी.

“बस की गड्या,” धुळा तंबाखू मळत म्हणायचा. “तुज्या बघन्यानं ती पळायची हाय व्हय?”

वैशाखात संस्थेत सत्यनारायण झाला. दुपारी गच्चीवर मांडव घालून पंगत बसली. मी आणि धुळा शेजारी शेजारी. आमचं जेवण केव्हाच आटोपलं होतं. पण आप्पासो साहेब जिलबीवर होते, आणि ते प्रत्येक घास मोजून-मापून चावणारे. पंगतीत कुणी अजून जेवत असताना उठायचं नाही हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. चाळीस-पन्नास माणसं उष्टे हात ताटावर धरून बसली होती. वाढणारे भांडी घेऊन उभे. वर ऊन तापलेलं.

“उठू का रं?” धुळा कुजबुजला. “हात वाळून लाकूड झाला.”

“साहेब जेवत्यात अजून.”

“त्येंच्या पोटात आपून चावून घालायचंय काय?”

मला हसू आलं आणि लगेच विरून गेलं. कारण संध्याकाळी मशीनच्या खोलीत जे चालतं ते हेच होतं. दुसरी टेप पहिल्या टेपेसाठी खोळंबून बसते, ती का? तिचं हिच्यावाचून काही अडलेलं नसतं. रीडरचं तर काम दुपारीच संपलेलं असतं, तरी तो प्रिंटरचं छापून होईपर्यंत हात वाळवत बसतो. त्यांना तसं बसवलं कुणी? मी. लिहिताना मनात एकदाही आलं नाही की सगळ्यांना एकदम ‘उठा’ म्हणता येईल. वडीलधारं यंत्र आधी, मग त्याखालचं, आणि एकाचं पुरतं झाल्याशिवाय दुसऱ्यानं हलायचं नाही. हैदराबादच्या किंवा साहेबाच्या देशातल्या माणसानं हे असं लिहिलं असतं की नाही मला माहीत नाही. मी मात्र लिहिलं होतं, आणि त्यापायी आबा दोनदा मरता मरता वाचले होते.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते बडीशेप चघळत होते. “मॉनिटरला हात लावायचा?” त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “लावा. पण तुमच्या जबाबदारीवर. डिस्कला ओरखडा उठला तर मशीन दुरुस्तीला पुण्याला जाईल, आणि मशीनच्या मागं तुम्ही.”

पुण्याहून पलूसला रोज येणारी गाडी कुठली असणार? तरी मी हो म्हणालो. दमलेल्या माणसाला धाडसही लवकर येतं, कारण विचार करायचा कंटाळा आलेला असतो.

बदल दिवसा करून बघता यायचा नाही, मशीन कामात असायचं. म्हणजे संध्याकाळीच, बंद करताना. चाचणी म्हटलं की ती फसणार, फसली की निस्तरायला वेळ जाणार. पहिल्याच संध्याकाळी मी सगळ्यांना एकदम उठायचा हुकूम दिला आणि कौतुकानं बघत राहिलो. दोन्ही टेपा बरोबरीनं फिरायला लागल्या. रीडर गप झाला. डिस्क तर सगळ्यांच्या आधी डोकी वर उचलून थांबली. आणि मग प्रिंटर अडला. घरघरत नुसता उभा. पुढं सरकेना की थांबेना.

“ह्येला काय झालं?” धुळा म्हणाला.

मला समजायला वेळ लागला. प्रिंटरला छापायचं राहिलेलं सगळं डिस्कवर ठेवलेलं होतं, आणि डिस्कला मी आधीच झोपवलं होतं. प्रिंटर तिच्याकडं मागत होता, ती उठणार नव्हती, आणि मॉनिटर प्रिंटरचं पुरं व्हायची वाट बघत होता. वाढपीच आधी हात धुऊन मोकळा झाला तर ताटावरच्यांनी काय करायचं? शेवटी मुख्य खटका ओढून सगळं बंद केलं. एका कारखान्याचे अर्धे कागद छापायचे राहिले, सकाळी साहेबांची बोलणी खाल्ली, आणि गाडी तर चुकलीच होती.

त्या आठवड्यात गाडी रोज चुकली. ट्रकही मिळेना, कारखाने बंद झाले होते. मी धुळाच्या खोलीत सतरंजीवर पडायचो आणि आढ्याकडं बघत राहायचो. आबांना वेळेवर जेवायला मिळावं म्हणून चाललेल्या खटाटोपात आबांच्या ताटापासून मी कधी नव्हे इतका लांब पडलो होतो. पलूस गाडीचा कंडक्टर गुंडा ओळखीचा होता. त्याच्याबरोबर मी घरी निरोप धाडला, की काही करून आबांना जेवायला घाला. दुसऱ्या दिवशी तो पारूचा निरोप घेऊन आला.

“वैनी म्हनल्या, काळजी करू नगा. आबा वक्ताला जेवत्यात.”

“खरंच जेवतात?”

“मला काय म्हाईत गड्या? त्या म्हनल्या.”

माझा विश्वास बसला नाही. बायका असं सांगतातच. मुलखाच्या पलीकडं असलेल्या नवऱ्याला खरं सांगून काय करायचं, असा त्यांचा विचार असतो. मला डोळ्यांपुढं घामानं भिजलेले आबाच दिसत होते, आणि त्या धास्तीनं मी नव्या प्रोग्रॅमसाठी कार्डांवर भोकं पाडायला बसलो की चुका करायचो, मग ती कार्डं फेकून नवी घ्यायची.

शेवटी जमलं. करायचं होतं ते थोडकंच होतं. कुणाचं कुणावाचून अडतं ते मॉनिटरला सांगून ठेवायचं. ज्यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही त्यांनी एकाच वेळी आवरायला घ्यावं. डिस्क वाढपी, तिच्याकडून घेणारे सगळे उठल्यावरच तिनं उठावं. आणि ते रिकामे वेळ मी काढून टाकले. यंत्रानं ‘झालं’ म्हटलं की झालं, उगाच आणखी ताटकळत बसायचं नाही.

ज्या दिवशी करून बघायचं त्या दिवशी आप्पासो साहेब स्वतः येऊन उभे राहिले. मी हुकूम टाइप केला. टेपा एकदम फिरल्या. प्रिंटरनं उरलेल्या ओळी छापल्या आणि गप्प झाला. रीडर आधीच थांबला होता. टेपा गुंडाळून झाल्या, मग डिस्कनं डोकी उचलली, थाळ्यांचा आवाज उतरत उतरत गेला. पंखे थांबले. धुळाची तंबाखू अजून हातावरच होती.

“झालं?” साहेब म्हणाले.

“झालं.”

“काही राहिलं तर नाही ना?” त्यांनी प्रत्येक कपाटाला हात लावून बघितला. मग नाइलाज झाल्यासारखे म्हणाले, “मग जावा की आता. उभे का?”

मला खरं तर आनंदानं ओरडायला हवं होतं. पण अंगात तेवढा जीव नव्हता. धुळानं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “पळ. म्हाताऱ्याला जाऊन भेट.”

स्टँडवर गेलो तर शेवटचीच काय, तिच्या आधीची गाडीही उभी होती. खिडकीची जागा मिळाली. कितीतरी महिन्यांनी मी गाडीत धापा न टाकता बसलो. वाटेत डोळा लागला, आणि पलूसला गुंडानंच हलवून उठवलं. नुकतीच दिवेलागण झाली होती. गावातही वीज नव्हती. आबांनी आत्ता गोळी घेतली असेल, आता मी जाऊन पाटावर बसतो आणि म्हणतो, ‘आबा, आलो, घ्या घास.’ एवढं एकच वाक्य मनात घोळवत घरापर्यंत आलो.

दारात चपला काढल्या आणि आत बघितलं तर पंगत बसलेली. कंदील मध्ये ठेवलेला. आबा खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला अर्जुनादादा. आणि दादाच्या पलीकडं, माझ्या पाटावर, एक माणूस बसला होता.

तो केरबा होता. आमच्या शेजारच्या रानातला, माझ्या वयाचा, माझ्याच अंगलटीचा. खाली मान घालून जेवत होता.

“किस्ना,” आबा म्हणाले, “आज मशीन लौकर बंद झालं व्हय रं?”

“व्हय आबा,” केरबा खालच्या आवाजात म्हणाला.

“बरं झालं. पारू, भाकरी वाढ गं. मलाबी अर्दी दे.”

पारू भाकरी घेऊन वाकली आणि तिला मी दिसलो. तिचा हात तसाच राहिला. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती, लाज होती, आणि गप्प राहा अशी विनवणीही होती. मला सगळं समजलं. आठवडाभर मी आलो नव्हतो. गिनती पुरी होत नव्हती. मग तिनं ती पुरी केली होती.

आबा जेवत होते. आमटीत भाकरी कुस्करून, सावकाश, चवीनं. कित्येक महिन्यांत मी त्यांना असं जेवताना बघितलं नव्हतं. तोंडावर चांगलं तेज आलं होतं. मला फार बरं वाटलं, छाती भरून आली. आणि त्याच वेळी राग आला. केरबाचा नाही, पारूचा तर नाहीच. माझ्यावाचून आबांचा घास अडतो म्हणून मी जिवाचं रान केलं होतं, आणि इथं माझ्या पाटावर कुणीही बसलं तरी चालणार होतं.

केरबानं मला बघितलं आणि चटका बसल्यासारखा अर्धा उठला.

“उठतोस कुटं?” आबा म्हणाले. “मी जेवतोय की अजून. बस.”

तो बसला. आबांनी दाराकडं मान वळवली. त्यांना माझा नुसता आकार दिसत असणार.

“दारात कोन हाय?”

दादा ताटात बघत राहिला. खरं सांगितलं तर काय होईल ते मला दिसत होतं. घरात दोन किस्ना कसे, हे त्यांना कळलं असतं. आठवडाभर आपल्याला फसवून जेवायला घातलं हे कळलं असतं. त्यांनी ताट सारलं असतं, आणि उद्यापासून मी समोर बसून ‘आलो’ म्हटलं असतं तरी त्यांचा विश्वास बसला नसता.

“मी केरबा, आबा,” मी म्हणालो.

“मग ये की. भाईर का उबा? पारू, त्येला ताट घे.”

पारूनं पंगतीच्या टोकाला ताट मांडलं. मी जाऊन बसलो. तिनं वाढताना माझ्याकडं बघितलं नाही. आबांनी आमटीचा भुरका मारला आणि माझ्याकडं वाकून, हळू बोलतोय अशा समजुतीनं, पण बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते बोलायला लागले.

“आमचा किस्ना बघ. माज्यापायी रोज सांगलीवरनं पळत येतो. लय दमतंय रं पोरगं. मला दिसत न्हाई, पर त्येचा दम लागल्याला कळतो. मी हट्टाला पेटतो आनि त्येचा जीव जातो. कवा कवा वाटतं, म्हनावं त्येला, एवढं पळू नगंस बाबा, मी जेवीन माजं माजं. पर माज्या तोंडातनं ते निगत न्हाई. तू त्येच्या बरूबरीचा हायस. तू सांग त्येला.”

केरबाचा घास हातातच राहिला होता. पारू पाठ करून चुलीकडं वळली.

“सांगतो, आबा,” मी म्हणालो.